राखून ठेवलेला उतार

क्लो वाह, ६ एप्रिल १९४५

माझ्या शाळेतून शिकून गेलेले तेवीस जण आज इंग्रजांच्या कॅप्टन टेनंट यांनी लढाईसाठी मागितले. मी ते दिले, आणि त्यांनी मला कागदाचा चिटोराही दिला नाही. म्हणून ही वही.

काही लिहून ठेवू नका, असं त्यांनी बजावलं आहे. जपान्यांच्या हाती लागलं तर गाव जाईल म्हणाले. मी म्हटलं, "कॅप्टन, मी अठ्ठावीस वर्षं हजेरी घेते आहे. मुलगा वर्गाबाहेर गेला की कोणी नेला, कशासाठी नेला आणि कधी परत येणार, हे मी लिहितेच."

"मग निदान नीट लपवा," म्हणाले. तांदळाच्या कणगीत, तळाशी ठेवते आहे.

काम असं आहे. जपान्यांची एक मोठी तुकडी पूर्वेकडून डोंगर उतरून टाउंगूला निघाली आहे. उत्तरेकडून इंग्रजांचे रणगाडे त्याच टाउंगूकडे येत आहेत. जो आधी पोहोचेल त्याच्या हाती रंगूनचा रस्ता. पाऊस महिन्यावर आला आहे. एकदा तो पडला की रणगाडे चिखलात बसतील आणि लढाई वर्षभर लांबेल. जपान्यांचा रस्ता आमच्या शाळेच्या डोंगराखालून जातो. तो चार दिवस अडवून धरायचा.

"आणि आम्हाला काय?" मी विचारलं.

"युद्ध संपलं की हे डोंगर तुमचे. कारभार तुमचा. इंग्लंड दोस्तांना विसरत नाही."

"हे लिहून द्या."

"तो अधिकार मला नाही. शब्द देतो."

रंगूनच्या कॉलेजात मी इतिहास घेतला होता. तहांच्या तारखा अजूनही पाठ म्हणू शकते. दोस्ती म्हणजे दोन सह्या आणि एक तारीख, एवढं मला ठाऊक आहे. तसं मी सांगितलं. शेजारी आमचे फू क्लो से सुपारी चघळत बसले होते. गावातले सगळ्यात म्हातारे, म्हणून सगळ्यांचे फू, आजोबा; जशी मी सगळ्यांची थ्रामू, मास्तरीणबाई. म्हणाले, "थ्रामू, एवढी शिकलीस आणि धाकट्या भावाकडे सही मागतेस?"

त्यांची ती जुनी गोष्ट. देवाने सगळ्या भावांना एकेक पुस्तक दिलं. थोरला भाऊ म्हणजे आम्ही करेन लोक. आम्ही पुस्तक शेतातल्या खुंटावर ठेवून कामाला लागलो आणि विसरलो. कोंबड्यांनी ते टोचून खाल्लं. धाकटा गोरा भाऊ आपलं पुस्तक घेऊन समुद्रापार गेला, आणि एक दिवस आमचंही घेऊन परत येणार आहे. पुस्तक कोंबडीच्या पोटात गेलं म्हणून फू अजून कोंबडीची हाडं वाचून शेतीचे दिवस ठरवतात. मी बाप्तिस्त ख्रिस्ती आहे. हाडं वाचत नाही.

तरी गेल्या वर्षी डोंगरातली गावं वाचावीत म्हणून एक साहेब स्वतः जपान्यांच्या हवाली झाला, हे इथे सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यानेही सही केली नव्हती.

९ एप्रिल

विमानाने बंदुका टाकल्या. तीस रायफली, एक ब्रेन मशीनगन. काडतुसं मात्र थोडी. उरलेली काडतुसं आणि जपान्यांच्या रस्त्यावरचा पूल उडवायची दारू दुसऱ्या फेरीत, बारा तारखेला सकाळी.

वाटप मी हजेरी घेऊन केलं. माझे तेवीस आणि शेजारच्या वस्तीतले सात. तीस-तीस वर्षांचे बाप्ये "हजर, थ्रामू" म्हणत ओळीने आले. एह डो उशिरा. शाळेत असताना एक दिवस वेळेवर आला नाही. पुढे सरकारी पलटणीत सहा वर्षं काढली, लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी तेच.

"उशीर," मी म्हटलं.

"थ्रामू, घ्यायला उशीर झाला. चालवायला नाही होणार."

सगळे हसले. मी त्याला ओळीच्या शेवटी उभं केलं. तेवीस जणांत नेम फक्त त्याचाच बरा आहे, हे कॅप्टनसमोर बोलले नाही. डोक्यात हवा जाते.

१२ एप्रिल

विमान आलं, डोक्यावरून तीन घिरट्या घातल्या आणि परत गेलं.

दोष आमचा. जानेवारीत तोडलेलं जंगल उतारावर वाळून पडलं होतं. राब पेटवायचा दिवस फूंनी महिन्यापूर्वीच हाडं बघून काढला होता: आज. पाच गावांनी एकाच दिवशी पेटवायचं, म्हणजे आग एकमेकांच्या रानात शिरत नाही. हा रिवाज माझ्या पणजीच्याही आधीचा. विमानाचा दिवस आणि राबाचा दिवस एकच आहे, हे एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि भिंतीवर तारखांचा तक्ता लावणारी गावात मी एकटी. सकाळी आठ वाजता सगळं आभाळ काळंपिवळं झालं. खूण म्हणून पसरलेल्या पांढऱ्या चादरी आम्हालाच दिसेनात, वैमानिकाला काय दिसणार?

कॅप्टन टोपी जमिनीवर आपटून म्हणाले, "युद्ध चाललंय आणि हे लोक शेत जाळताहेत!"

फू म्हणाले, "जपानी उद्या जातील. भात दरवर्षी लागतं."

दोघांना दोन भाषांत गप्प करावं लागलं.

दुसरं विमान आठवडाभर नाही. म्हणजे दारू नाही. पूल राहणार.

१३ एप्रिल

सकाळी फू माझ्या दारात आले. म्हणाले, "थ्रामू, एक उतार मी जाळला नाही."

शाळेखालचा. शाळेपासून थेट रस्त्याच्या वळणापर्यंत उतरणारा. हाडं वाईट पडली म्हणून तो राखून ठेवला होता म्हणे. गुडघाभर वाळलेला बांबू आहे तिथे.

एह डोला लगेच समजलं. तो सगळा बांबू ओढून वळणावर रचायचा, रस्ता आणि त्याच्या दोन्ही कडा भरायच्या, आणि जपान्यांची पहिली गाडी वळणाशी आली की पेटवायचा. "राबाचे दिवस आहेत. धूर बघून कोणाला संशय येणार? आणि थ्रामू, बांबूची पेरं फुटतात तेव्हा आवाज कसा होतो? तीस बंदुकांच्या तीनशे होतील."

कॅप्टननी ते दोनदा समजावून घेतलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. कालची टोपी विसरले.

मग सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. आग वर चढते, आणि वर शाळा आहे. सागाचे खांब, गवताचं छप्पर. सतरा साली पहिला खांब पुरला तेव्हा मी त्याला हात लावला होता. माझ्याकडे कोणी बघेना. फू जमिनीकडे बघत म्हणाले, "तुझी आहे. तू नाही म्हणालीस तर दुसरं काही बघू."

दुसरं काही नव्हतं. मी कॅप्टनना म्हटलं, "शाळा देते. पण या वेळी लिहून द्या."

त्यांनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, फाडलं आणि आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: 'क्लो वाह गावास विटांची एक शाळा देणे.' खाली सही, तारीख.

"आणि डोंगर?"

"डोंगर या पाकिटावर मावत नाहीत, थ्रामू."

हसले. मी हसले नाही. पाकीट वहीत ठेवलं आहे.

१७ एप्रिल

बायका-मुलं वरच्या रानात हलवली. शाळेतून हजेरीपट, जगाचा नकाशा आणि खडूची पेटी काढली. फळा नेता आला नाही. त्याला चार माणसं लागतात, आणि चार माणसं बांबू ओढायला हवी होती. त्यावर शुक्रवारचं गणित तसंच आहे. कोणीही सोडवलेलं नाही.

१९ एप्रिल

सकाळी पावणेअकराला पहिली गाडी वळणावर आली. फू वाऱ्याकडे नाक करून बसले होते. ते "आता" म्हणाले आणि मी एह डोच्या हातात काडेपेटी दिली. काडेपेटी शाळेची.

पुढचं मी वरच्या खडकावरून पाहिलं. वळणावर आधी एक पिवळी रेघ उठली, मग भिंत. बांबू फुटायला लागला. मलाही क्षणभर वाटलं, इतक्या बंदुका आल्या कुठून! जपानी गाड्यांतून उड्या टाकून ओहोळात पडले आणि आगीवरच गोळ्या झाडत सुटले. आमचे लोक ओढ्यापलीकडून, एकेक काडतूस मोजून. पाठीमागच्या गाड्या वळवायला जागा नाही. दोन पेटल्या.

बाराच्या सुमारास आग शाळेला लागली. पंधरा मिनिटं पुरली. मला वाटलं होतं जास्त लागतील.

२१ एप्रिल

तिसरा दिवस. काल सकाळपर्यंत वळण धगधगत होतं, मग निवायला लागलं. जपान्यांचे लोक डोंगरावर चढून आमची माणसं शोधत होते. काल दुपारी एह डो चार जणांना घेऊन खाली गेला. शाळेचे अर्धवट जळलेले खांब ओढून रस्त्यावर टाकायचे आणि पुन्हा पेटवायचं, असं ठरलं. मीच म्हटलं, खांब सागाचे आहेत, रात्रभर जळतील.

जळले. आज दुपारपर्यंत एक गाडी पुढे गेलेली नाही.

पाच जण परत आले नाहीत. एह डो. सॉ थाव. सॉ लर वाह. सॉ पो क्वे. आणि शेजारच्या वस्तीतला एक, त्याला बो हती म्हणत. पूर्ण नाव विचारून घ्यायचं आहे.

एह डोची बायको नॉ मू वरच्या रानात भात शिजवते आहे. मी सांगितलं तेव्हा तिने चूल विझवली नाही. म्हणाली, "तिथल्यांना अजून जेवायचंय ना?" मी ताटं मांडायला बसले. मला भात वाढता येत नाही, हे आज कळलं. डाव तिनेच माझ्या हातातून घेतला.

तो नेहमी उशिरा यायचा म्हणून संध्याकाळी मी वाटेच्या तोंडाशी थोडा वेळ उभी राहिले. हे लिहायची गरज नव्हती.

२४ एप्रिल

इंग्रजांचे रणगाडे परवा टाउंगूत शिरले. आधी तेच पोहोचले. जपानी अजून आमच्या डोंगरात. कॅप्टन आनंदाने रडले. त्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले. फूंचा हात सोडेचनात. "हे तुम्ही केलंत. रंगून तुम्ही मिळवून दिलंत. हे कोणी विसरणार नाही."

फू मला म्हणाले, "बघ. पुस्तक येतंय."

मी पाच नावं लिहून कॅप्टनना दिली आणि ती कोणाला पाठवणार ते विचारून घेतलं.

२६ मे

रंगून पडून तीन आठवडे झाले. मार्चपर्यंत जपान्यांच्या बाजूने असलेल्या बर्मी सैन्याचे चाळीस जण आज गावात आले. त्यांना रात्रीचा मुक्काम आणि भात द्यावा, अशी कॅप्टनची चिठ्ठी. ते आता दोस्त आहेत.

माझी धाकटी बहीण खाली डेल्टात होती. बेचाळीस साली याच गणवेशातली माणसं तिच्या गावात गेली. त्यानंतर पत्र नाही.

त्यांचा अधिकारी बो चिट स्वे नावाचा, पंचविशीचा, नीट बोलणारा. पाय धुऊन चटईवर बसला. बर्मीत शिक्षिकेला म्हणतात तसं म्हणाला, "सयामा, आता आपण एका बाजूला आहोत."

"कधीपासून?"

"सत्तावीस मार्चपासून."

"आणि सव्वीस मार्चला?"

"सव्वीसला बूट पुसत होतो." त्याची माणसं हसली. तो हसला नाही. माझा चेहरा बघून म्हणाला, "बेचाळीसला मी डेल्टात नव्हतो."

"मी विचारलं नव्हतं."

नॉ मूने बांबूच्या कोंबांचं कालवण वाढलं. मी सगळ्यांना पोटभर वाढायला लावलं. जेवण दिल्यावर त्यात हात आखडायचा नसतो. जाताना बो चिट स्वे म्हणाला, "साहेबाने तुम्हाला काय देऊ केलंय? डोंगर?"

मी ताटं उचलू लागले.

"आम्हाला देश देऊ केलाय. सगळा. हे डोंगरही त्यातच येतात." मग जरा थांबून, "तुमच्याकडे लेखी आहे का? आमच्याकडेही नाही."

हेवा. दुसरं काय! ज्यांनी तीन वर्षं जपान्यांच्या पंक्तीला जेवण केलं, त्यांना आणि आम्हाला एकच वस्तू कोण देईल? कॅप्टनना विचारीन. नाही, विचारणार नाही. तो त्यांचा अपमान होईल.

३ जून

विचारलं. कॅप्टन नकाशाची घडी घालत म्हणाले, "वरिष्ठ पातळीवर काय बोलणी झाली ते मला माहीत नसतं, थ्रामू." घडी चुकली, पुन्हा घातली. दमलेले दिसतात. क्विनाइन पाठवलं.

२० ऑगस्ट

जपानने शरणागती पत्करली. आमच्या डोंगरातले काही जपानी मात्र अजून लढताहेत; त्यांना बातमी खरी वाटत नाही. मला त्यांचं नवल वाटत नाही.

शाळा फणसाखाली भरते. एकतीस मुलं, त्यात एह डोच्या दोघी. थोरली आज उशिरा आली. ओळीच्या शेवटी उभी केली आणि मग मलाच फणसामागे जावं लागलं.

११ ऑक्टोबर

कॅप्टन टेनंट यांची बदली. मायदेशी जाणार. निरोपाला फूंनी त्यांना आपल्या बायकोने विणलेला लाल सदरा दिला. त्यांनी तो गणवेशावरच घातला. माझ्याशी बोलताना म्हणाले, "मी तिथे जाऊन सांगेन. ज्यांना सांगायला हवं त्या सगळ्यांना सांगेन. दार ठोठावत राहीन." ते खरं बोलत होते. मी मुलांचं खोटं अठ्ठावीस वर्षं ओळखत आले आहे. हे खोटं नव्हतं. पण दार उघडणारा दुसराच कोणी असतो, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, एवढं विचारायचं राहिलं.

१७ डिसेंबर

नवीन अधिकारी शस्त्रं गोळा करायला आले. नाव मेजर ओकशॉट. टेबल, खुर्ची, शिक्का, छापील फॉर्म सोबत. फणसाखाली टेबल मांडलं. मुलांना सुट्टी दिली नाही. त्यांना पलीकडे पाढे म्हणायला बसवलं.

"तीस रायफली, एक ब्रेन," त्यांनी फॉर्मवरून वाचलं.

आमच्या लोकांनी एकेक करून आणून ठेवल्या. मी हजेरी घेतली. एकोणीस.

"अकरा कुठे आहेत?"

मी पाच जळलेल्या नळ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. एप्रिलमध्ये राखेतून मीच काढल्या होत्या. कोणती कोणाची ते सांगता येत नाही. पाचव्याचं पूर्ण नाव सॉ बो हती तू; तेही सांगितलं.

"आणि उरलेल्या सहा?"

फू क्लो से म्हणाले, "त्याही आगीत."

"त्यांच्या नळ्या?"

"मोठी आग होती, साहेब."

मेजरनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिक्षिका आहात. हे बरोबर आहे?"

मी सिगारेटचं पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, उलटं करून छाप बघितली, पुन्हा वाचलं. "हा सरकारी कागद नाही. फाइलमध्ये शाळेचा उल्लेख नाही."

"डोंगरांचा आहे?"

"कसले डोंगर?"

पलीकडे मुलं सातचा पाढा म्हणत होती. मी म्हटलं, "सहाही आगीत. लिहा."

त्यांनी लिहिलं. पाकीट फाइलला जोडतो म्हणाले. मी म्हटलं, आधी त्याची पावती द्या. पाकिटाची पावती देता येत नाही म्हणाले. मग पाकीट माझ्याकडेच राहील, असं सांगून ते उचललं.

आज हवाली केलं ते असं. रायफली एकोणीस. ब्रेन एक. काडतुसं एकशे अठ्ठेचाळीस. जळक्या नळ्या पाच. यांची पावती मिळाली, शिक्क्यानिशी. ती वहीच्या शेवटच्या पानाला डिंकाने चिकटवली आहे. एप्रिलमध्ये हवाली केलं ते असं. माणसं पाच. शाळा एक, फळ्यासकट. यांची पावती नाही.

फूंनी पुढच्या राबातला पूर्वेचा उतार राखून ठेवला आहे. हाडं वाईट पडली म्हणाले. गेल्या आठवड्यात त्यांनी आपला काशाचा ढोल तिथे नेऊन पुरला. आमच्यात वाईट दिवस येणार असले की ढोल पुरतात. एरवी तो दोघं उचलतात. या खेपेस चार जण लागले. आत काय होतं ते मी पाहिलेलं नाही. या वहीत मी फक्त पाहिलेलंच लिहिते.